पाय वाटले; पुढे काय?

संसदेत कृत्रिम हातापायांचा विषय निघतो तो बहुधा एखाद्या अतारांकित प्रश्नाच्या निमित्ताने. सभागृहात त्यावर कोणी बोलत नाही. सामाजिक न्याय व सक्षमीकरण खात्याचे लेखी उत्तर सभापटलावर ठेवले जाते, त्याला परिशिष्ट जोडलेले असते आणि परिशिष्टात राज्यवार रकाने असतात : इतका निधी, इतकी शिबिरे, इतके लाभार्थी. प्रश्न विचारणारे खासदार बदलले, उत्तर देणारे मंत्री बदलले, खात्यातील विभागाचे नावही बदलले. रकान्यांचे स्वरूप मात्र फारसे बदलले नाही. वाटलेला पाय वर्षभरानंतर माणसाच्या अंगावर आहे की घराच्या माळ्यावर पडला आहे, हे सांगणारा रकाना त्यात नसतो.

ही केवळ कारकुनी उणीव आहे, असे मानण्याचे कारण नाही. गेली चार दशके केंद्र सरकारने कृत्रिम अवयवाकडे एकदा देऊन मोकळे होण्याची वस्तू म्हणूनच पाहिले. सायकल, शिलाई यंत्र, ब्लँकेट यांच्याच रांगेत पाय बसविला गेला. प्रत्यक्षात कृत्रिम पाय ही आयुष्यभर पुरवावी लागणारी सेवा आहे, आणि या दोन समजुतींमधले अंतर हाच या प्रश्नाचा राजकीय गाभा आहे.

हे अंतर समजण्यासाठी पायाची रचना थोडी पाहावी लागते. सर्वसामान्य माणसाचे लक्ष पंजाकडे जाते; तज्ज्ञाचे लक्ष सॉकेटकडे असते. शस्त्रक्रियेनंतर उरलेला मांडीचा वा पोटरीचा भाग ज्या कवचात बसतो, ते सॉकेट. शरीराचा सारा भार त्यावर येतो. ते प्रत्येकाच्या मापाने, प्लास्टरचा साचा घेऊन घडवावे लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सूज ओसरते, स्नायू आटतात आणि उरलेला भाग बारीक होत जातो. मग घट्ट बसणारे कवच सैल होते, त्वचा घासते, जखमा होतात. मुलांचे तर हाड वाढत असते, त्यामुळे त्यांचा पाय वारंवार बदलावा लागतो. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस थोड्या सरावाने चालू लागतो. गुडघ्यावर गेलेला असेल तर कृत्रिम सांध्यावर तोल सांभाळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हे प्रशिक्षण मिळाले नाही तर उत्तम पायही निरुपयोगी ठरतो. माप, जोडणी, सराव, दुरुस्ती आणि पुन्हा माप असे हे चक्र आहे.

आपल्या देशात या कामाची परंपरा नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. ते आजही चालू आहे आणि तेथे नागरिकांवरही उपचार होतात. मुंबईत हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ साली उभी राहिली. या संस्थांची शिस्त रुग्णालयाची होती. रुग्ण येतो, राहतो, शिकतो, आणि पाय कुरकुरला की परत येतो.

दुसरी परंपरा जयपूरची. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास जो पाय घडविला, त्याची कीर्ती जगभर गेली. त्यापूर्वी येथे प्रचलित असलेला पाश्चात्त्य धाटणीचा पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी बनलेला होता. त्याचा घोटा वळत नसे. उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, आणि बुटाशिवाय तो चिखलात टिकत नसे. शेतकऱ्याला हा पाय घेऊन खाचरात उतरता येत नव्हते. रबर आणि लाकूड यांच्या साहाय्याने शर्मांनी असा पंजा तयार केला की तो सर्व बाजूंनी थोडाथोडा वळतो, दिसायला पायासारखा दिसतो आणि अनवाणी चालण्यास योग्य असतो. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव मात्र बराच काळ तळटिपेतच राहिले. कारागिराच्या वाट्याला आपल्याकडे बहुधा तेवढेच येते.

या पायाचे स्वामित्वहक्क कोणी घेतले नाहीत. त्यामुळे तो सर्वत्र पोहोचला, स्वस्त राहिला. पण कोणी, कसा बनवावा यावर नियंत्रणही उरले नाही. पुढे सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि शिबिरांचा मार्ग रूढ केला. स्वतः मेहता एका मोटार अपघातात पाय गमावता गमावता वाचले होते. (हेच मेहता नव्वदच्या दशकात ‘सेबी’चे अध्यक्ष होते. शेअर बाजाराचा नियंत्रक आणि जयपूर फूटचा प्रसारक या दोन भूमिका एकाच माणसात होत्या, हे दलाल स्ट्रीटवर आजही अनेकांना ठाऊक नसते.) नर्तकी सुधा चंद्रन यांच्या आयुष्यावरील ‘नाचे मयूरी’ १९८६ साली पडद्यावर आला आणि जयपूर फूट घराघरांत पोहोचला.

तिसरी परंपरा सरकारी कारखान्याची. भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम, म्हणजे ‘अलिम्को’, याची स्थापना १९७२ साली कानपूर येथे झाली आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. नफा हा या कंपनीचा हेतू नव्हता. सुटे भाग मोठ्या संख्येने बनवायचे आणि देशभर पुरवायचे, ही कल्पना त्या काळातील सार्वजनिक उद्योगांच्या विचाराशी सुसंगतच होती.

केंद्राने १९८१ साली, आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात, अपंगांना साहाय्यक उपकरणे देण्याची योजना आणली. ‘एडिप’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की समोर तीन नमुने असताना या योजनेने रुग्णालयाचा नमुना उचलला नाही. कारखान्याचे उत्पादन आणि शिबिराची पद्धत यांची जोडी जमविली. आधी तपासणी शिबिर होते, त्यात मापे घेतली जातात. पुढे वाटपाचे शिबिर भरते. मधल्या काळात माप बदललेले असू शकते, हा विचार वेळापत्रकात बसत नाही. २०१४च्या सुधारित नियमांनुसार दरमहा १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला पूर्ण साहाय्य होते, २० हजारांपर्यंत निम्मे. उपकरणाच्या किमतीची सर्वसाधारण मर्यादा १० हजार रुपये, विद्यार्थ्यांसाठी १२ हजार. एकदा लाभ घेतला की तीन वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही; बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एका वर्षाची. पुढे रकमा वाढल्या, सांगाडा मात्र कायम राहिला. पाय सहा महिन्यांत सैल झाला तर काय करावे, याचे व्यवहारातले उत्तर जवळच्या चांभाराकडे किंवा सायकलच्या दुकानात शोधावे लागते.

ही स्थिती सर्वांच्या बाबतीत सारखी नाही, आणि राजकीय विश्लेषकाने खरे तर येथे थांबून पाहावयास हवे. सीमेवर सुरुंगावर पाय पडलेला जवान पुण्याच्या केंद्रात जातो आणि निवृत्तीनंतरही त्याला वैद्यकीय छत्र असते. कारखान्यातील विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून कृत्रिम अवयव मिळतो. केंद्रीय कर्मचाऱ्याला त्याच्या आरोग्य योजनेतून खर्चाची प्रतिपूर्ती होते. शेतमजूर, फेरीवाला, ट्रकचा क्लीनर किंवा मधुमेहाने पाय गमावलेली गृहिणी यांच्या वाट्याला मात्र शिबिर येते. पाय तोच गमावलेला असतो. तो कोणत्या दारातून मागायचा, यावर त्याची प्रत ठरते. एकाच प्रजासत्ताकात नागरिकत्वाच्या अशा चार-पाच श्रेणी इतक्या निमूटपणे नांदताना क्वचितच दिसतात.

यामागे घटनात्मक रचनेचाही भाग आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत नववी नोंद आहे : अपंग व रोजगारास अक्षम व्यक्तींना दिलासा. ‘दिलासा’ हा शब्द आणि राज्यांच्या यादीतील जागा, दोन्ही बोलक्या आहेत. अनुच्छेद ४१ मध्ये अपंगत्वाच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे, पण राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. केंद्राला या क्षेत्रात कायदा करायचा असेल तर आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीचा आधार घ्यावा लागतो. १९९५चा कायदा आशिया-प्रशांत देशांच्या जाहीरनाम्याच्या आधारे झाला. २०१६चा कायदा, भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या आधारे. म्हणजे कायदा दिल्लीचा, पैसा बराचसा दिल्लीचा, जिल्ह्याची यंत्रणा राज्याची आणि प्रत्यक्ष काम स्वयंसेवी संस्थेचे. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या साखळीत कोठेच मुक्कामाला येत नाही.

२०१६चा कायदा ज्या अधिवेशनात संमत झाला, त्याची आठवण ठेवण्याजोगी आहे. नोटाबंदीवरून हिवाळी अधिवेशन वाहून गेले होते. त्या गदारोळात १४ डिसेंबरला राज्यसभेने आणि १६ डिसेंबरला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, लोकसभेने दिव्यांग हक्क विधेयक मंजूर केले. सत्ताधारी आणि विरोधक यांचे एकमत झाले, याबद्दल दोन्ही बाकांवरून परस्परांचे अभिनंदनही झाले. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या या दोन गोष्टी. साहाय्यक उपकरणांचे काय झाले? १९९५च्या कायद्यातील बेचाळिसाव्या कलमात सरकारांनी उपकरणे पुरविण्याच्या योजना कराव्यात, असे स्पष्ट वाक्य होते. नव्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात उपकरणे मोफत देण्याची तरतूद आली. पण उत्पन्नाच्या मर्यादेसह आणि ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’ या शब्दांच्या छायेत. देखभाल व दुरुस्ती यांचा हक्क त्यात नाही. ज्या विधेयकावर खरी चर्चा झाली असती तर हे मुद्दे कदाचित निघाले असते, ते एकमताच्या घाईत निघाले नाहीत. आपल्या संसदेत मतभेदामुळे कायदे अडतात, आणि एकमतामुळे ते कच्चे राहतात. खात्याच्या अनुदानाच्या मागण्यांची तर बहुतेक वर्षी गिलोटिनखाली वासलात लागते.

चर्चेची जागा सोहळ्याने घेतली. वाटपाची शिबिरे पूर्वीही मंत्र्यांच्या उपस्थितीत होत, पण २०१४ नंतर त्यांना भव्य रूप आले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी प्रयागराज येथे पंतप्रधानांच्या हस्ते झालेल्या शिबिरात २६ हजारांहून अधिक ज्येष्ठ नागरिक व दिव्यांगांना ५६ हजारांहून अधिक उपकरणे देण्यात आली. किंमत १९ कोटी रुपयांहून अधिक होती. या प्रसंगाची गिनेस विक्रमांत नोंद झाली. अशा शिबिरांमुळे जिल्हा प्रशासन हलते, प्रलंबित अर्ज निघतात आणि एरवी दुर्लक्षित राहणारा वर्ग व्यासपीठाच्या जवळ येतो, हे नाकारता येणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, तेव्हा अपंगांच्या अनेक संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला होता. दिव्यत्व नको, उतरंड हवी, असा त्याचा मथितार्थ होता. शब्द रूढ झाला. उतरंडी अजूनही अनेक सरकारी इमारतींना नाहीत.

शिबिराच्या पद्धतीतील धोका त्याआधीच, म्हणजे २०१२ साली, उघड झाला होता. तत्कालीन एका केंद्रीय मंत्र्याच्या कुटुंबाशी संबंधित विश्वस्त संस्थेने ‘एडिप’चे अनुदान घेऊन उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत शिबिरे प्रत्यक्षात घेतलीच नाहीत, असा आरोप एका वृत्तवाहिनीने केला. मंत्रिमहोदयांनी तो फेटाळला. दिल्लीत काही दिवस मोठी खळबळ माजली, भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या नेत्यांनी रस्ता धरला. त्या गदारोळात एक तपशील मागे पडला. वाटपानंतर काही लाभार्थ्यांची चाचणी-तपासणी करून सरकारी अधिकाऱ्याने अहवाल द्यावा, अशी तरतूद नियमांत आहे. आरोप असा होता की या अहवालांवरील सह्याच बनावट आहेत. म्हणजे माणूस चालतो आहे काय, हे पाहण्यासाठी असलेली एकमेव खिडकी ती, आणि तीच कागदी निघाली, असे आरोपकर्त्यांचे म्हणणे होते. वाद व्यक्तींभोवती फिरला, तपासणीची पद्धत सुधारण्याची मागणी कोणत्याही पक्षाने लावून धरली नाही.

खासदार निधीचे उदाहरणही येथे द्यायला हवे. या निधीतून एरवी व्यक्तिगत लाभाच्या वस्तू देता येत नाहीत. तीनचाकी, चाकाची खुर्ची, कृत्रिम अवयव यांसाठी मात्र अपवाद केला गेला आहे. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीला केंद्राने २५ हजारांचे अनुदान द्यावे आणि उरलेली रक्कम खासदार-आमदारांच्या निधीतून यावी, अशी व्यवस्थाही झाली. मग चावी देतानाचे छायाचित्र मतदारसंघात लागते. तीनचाकीची बॅटरी बदलून दिल्याचे छायाचित्र मात्र कोणी काढत नाही.

देखभालीचा विचार केला तो न्यायालयाने. डिसेंबर २०२२ मध्ये रस्ते अपघातात पाय गमावलेल्या एका नागरिकाच्या भरपाईचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने साधा हिशेब मांडला : कृत्रिम पायाची किंमत २ लाख ६० हजार रुपये, त्याचे आयुष्य पाच-सहा वर्षे, मध्ये दुरुस्तीचा खर्च वेगळा, आणि माणसाला तर पुढे कित्येक वर्षे जगायचे आहे. पायांसाठी ७ लाख ८० हजार आणि देखभालीसाठी ५ लाख रुपये न्यायालयाने मंजूर केले. कनिष्ठ पातळीवर दिलेल्या रकमेत हा माणूस पन्नाशीनंतर पायाविना राहिला असता, ही बाब न्यायमूर्तींना खटकली. एकीकडे हा हिशेब आणि दुसरीकडे १० हजारांची मर्यादा. दोन्ही आकडे एकाच देशातील आणि एकाच दशकाच्या आतले आहेत. फरक एवढाच, की पहिल्या प्रकरणात पैसे देणारे दुसरे कोणी होते आणि दुसऱ्यात सरकार स्वतः आहे.

कराच्या बाबतीतही सरकारची भूमिका अशीच दोलायमान राहिली. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा श्रवणयंत्राला करमाफी होती, तर चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसला. शून्य कर लावल्यास देशी उत्पादकाला कच्च्या मालावरील कराची वजावट मिळणार नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता; अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नव्हता. पण दरपत्रकात ‘शरीराचे कृत्रिम भाग’ ज्या नोंदीत होते, ती १२ टक्क्यांवर होती आणि जुलै २०२२ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. पाच वर्षे हा दर कोणाला खटकला नाही.

तंत्रज्ञानाच्या आघाडीवर मात्र बातम्या चांगल्या आहेत. ‘इस्रो’ने सप्टेंबर २०२२ मध्ये सूक्ष्मप्रक्रियकावर चालणाऱ्या कृत्रिम गुडघ्याची घोषणा केली. आयात गुडघा १० ते ६० लाखांना मिळतो, आपला ४ ते ५ लाखांत पडेल, असे तेव्हा सांगितले गेले. संरक्षण संशोधन संस्थेने बीबीनगरच्या ‘एम्स’बरोबर विकसित केलेला कार्बन तंतूचा पंजा जुलै २०२५ मध्ये सादर झाला, सुमारे दोन लाखांच्या परदेशी पंजाच्या जागी तो २० हजारांच्या आत तयार होतो, असा दावा आहे. पण पंजा प्रयोगशाळेत बनतो, सॉकेट मात्र तालुक्यातल्या माणसाच्या मापाने बनते, आणि ते बनविणारे हात कमी आहेत. कृत्रिम अवयव शास्त्राचा पदवी अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे. शिकलेले तंत्रज्ञ मोठ्या शहरांत राहतात. १९९९-२०००पासून जिल्हा पुनर्वसन केंद्रांची योजना कागदावर आहे. ही केंद्रे खरोखर चालू लागली असती, तर महाशिबिरांची गरजच निम्म्याने कमी झाली असती.

मुळात किती जणांना हे अवयव हवे आहेत? २०११च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली, त्यांपैकी हालचालीचे अपंगत्व असलेले ५४ लाखांहून अधिक. २००१ मध्ये याच गटाची संख्या ६१ लाख होती. रस्ते अपघात आणि मधुमेह वाढत असताना दहा वर्षांत ती कमी कशी झाली, याचा एक भाग पोलिओच्या पिछेहाटीत असेल, दुसरा मोजणीच्या पद्धतीत. हात किंवा पाय गमावलेल्यांची वेगळी नोंद दोन्ही वेळा प्रसिद्ध झाली नाही. त्यामुळे मागणी किती, हे ठाऊक नसतानाच पुरवठ्याचे विक्रम होत असतात.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर चौघांची नियुक्ती केली. मराठी वृत्तपत्रांनी साहजिकच उज्ज्वल निकम यांचे नाव मथळ्यात घेतले. त्याच यादीत केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील शिक्षक सी. सदानंदन मास्टर होते. १९९४ साली राजकीय हिंसाचारात त्यांचे दोन्ही पाय तोडण्यात आले. त्यानंतर कृत्रिम पायांवर ते वर्गात परतले. त्यांच्या नियुक्तीवर डाव्या-उजव्या राजकारणाच्या चष्म्यातून पुष्कळ लिहिले गेले आणि तो इतिहास पाहता ते अपरिहार्यही होते. परंतु तीन दशके कृत्रिम पाय वापरणारा सदस्य सभागृहात असताना सामाजिक न्याय खात्याला एक पुरवणी प्रश्न विचारता येण्याजोगा आहे. १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. त्या प्रश्नावलीत अवयव गमावलेल्यांची स्वतंत्र नोंद होणार आहे काय, आणि ज्यांना पाय दिले गेले त्यांपैकी किती जण ते आज वापरतात, हे दोन रकाने परिशिष्टात वाढविण्यास कायदा करावा लागत नाही. मंत्र्यांची एक टिप्पणी पुरते.